महापौर निवडताना माणूस बघायचा की पक्ष? (आणि मी तो टी-शर्ट घालू का?)

सरळरेषा (धागाकर्ता)

मंडळी, जरा पेचात आहे. आमच्या शहरात महापौराची थेट निवडणूक आहे. शहर कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की धागा तिकडेच वाहत जाणार आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

तर एक उमेदवार आहेत, दोन टर्म नगरसेवक होत्या, बजेटचं पुस्तक खरंच वाचून सभागृहात येणाऱ्या तीन-चार लोकांपैकी एक. मला पटतात. पण त्यांचा पक्ष मला अजिबात पटत नाही, गेल्या दोन्ही राष्ट्रीय निवडणुकांत मी त्या पक्षाच्या विरोधात मत दिलंय आणि पुढेही देईन. आता त्यांच्या प्रचार कार्यालयातून फोन आला, शनिवार-रविवार दारोदार फिरायला येता का म्हणून. जायचं तर पक्षाच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात पक्षाचं ओळखपत्र, आणि हातात पत्रक, ज्यावर बाईंच्या फोटोपेक्षा राष्ट्रीय नेत्याचा फोटो मोठा.

माझं म्हणणं असं की कचरा, पाणी, बस, फुटपाथ यात विचारसरणी येते कुठे? महापौराच्या निवडणुकीत पक्षीय प्रचारावर बंदीच पाहिजे. तुमच्यापैकी कोणी असं काम केलंय का? टी-शर्ट घालू की नको?

काडीपेटी

टी-शर्ट घाला, वरून साधा शर्ट घाला. दार कोण उघडतंय ते बघून बटणं सोडायची.

तळटीप

न्यूयॉर्कचे जुने महापौर ला गार्डिया (१९३४ ते १९४५) यांच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं, रस्ते झाडायची डेमोक्रॅटिक पद्धत वेगळी आणि रिपब्लिकन पद्धत वेगळी असं काही नसतं, अशा अर्थाचं. म्हणजे धागाकर्त्याची तक्रार निदान नव्वद वर्षं जुनी आहे. गंमत म्हणजे ला गार्डिया स्वतः पक्षाशिवाय नाही निवडून आले, रिपब्लिकन आणि सुधारणावाद्यांची मोट बांधून आले.

तुम्ही म्हणताय ती बंदी अमेरिकेत बऱ्याच शहरांत एका अर्थाने आहेच. पक्षांच्या टोळ्यांनी शहरं खाऊन टाकली म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारणेची लाट आली आणि मतपत्रिकेवरून पक्षाचं नाव काढलं गेलं. आज तिथल्या बहुसंख्य शहरांत मतपत्रिकेवर फक्त उमेदवाराचं नाव असतं. पण त्याने पक्ष गेले का? शिकागोचं बघा, तिथे १९९९ पासून पक्षविरहित मतदान. २०२३ ला दुसऱ्या फेरीत ब्रँडन जॉन्सन आणि पॉल व्हॅलस समोरासमोर आले, दोघंही स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे. जॉन्सनच्या मागे शिक्षकांची युनियन, व्हॅलसच्या मागे पोलिसांची. आणि जॉन्सनचा प्रचार काय, तर व्हॅलस आतून रिपब्लिकन आहेत, ही घ्या त्यांची जुनी क्लिप! पक्षाचं नाव कागदावरून गेलं, प्रचारात मात्र तोच मुद्दा उरला.

पायवाट

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. बसमध्ये विचारसरणी नाही? तिकीट किती ठेवायचं, तोटा कोणी भरायचा, कोणत्या वस्तीत दर दहा मिनिटांनी बस आणि कोणत्या वस्तीत तासाने, रस्त्याची एक लेन गाड्यांकडून काढून बसला द्यायची का, हे सगळं राजकारणच आहे हो. खड्डा बुजवण्यात विचारसरणी नसेल, पण आधी कोणता खड्डा बुजवायचा यात नक्की असते.

लंडनचं यूलेझ घ्या. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पाउंड. ऑगस्ट २०२३ मध्ये लेबर पक्षाचे महापौर सादिक खान यांनी ते अख्ख्या लंडनला लावलं. त्याच्या महिनाभर आधी लंडनमधल्या अक्सब्रिजची संसदेची पोटनिवडणूक या एका मुद्द्यावर लढली गेली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ती जागा ४९५ मतांनी राखली. आता मजा बघा, यूलेझची मूळ घोषणा बोरिस जॉन्सन महापौर असतानाची, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हच. आपण सुरू केलेलं दुसऱ्याने वाढवलं की ते पाप! तरी मतदाराला निवड करता आली ती पक्षांनी बाजू घेतल्या म्हणून. नाहीतर सगळेच उमेदवार 'स्वच्छ हवा आणि सुरळीत वाहतूक' म्हणून मोकळे झाले असते.

ढगांची_आई

+१ पायवाट.

मी पक्षविरहित निवडणुकीत मत दिलंय. आत गेले, मतपत्रिका उघडली तर नावंच नावं, बाजूला ना चिन्ह ना पक्ष. महापौराचं ठीक होतं, दोन-तीन नावं तरी ऐकलेली होती. खाली बाकीच्या पदांची यादी आली आणि माझी पाटी कोरी. खरं सांगते, ज्याचं आडनाव ओळखीचं वाटलं त्याला मत दिलं. बाहेर आल्यावर माझी मलाच लाज वाटली. मग वाचलं की हे सगळीकडेच होतं, पक्षाचं नाव काढलं की लोक आडनाव बघतात, जातकुळी बघतात, नाहीतर आधीच खुर्चीवर असलेला माणूस निवडतात. त्यापेक्षा चिन्ह बरं की.

अर्धविराम

टोरांटोलाही महापौराच्या मतपत्रिकेवर पक्ष नसतो. २०२३ ला आधीच्या महापौरांनी राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीला १०२ उमेदवार उभे राहिले. एकशे दोन!! मतपत्रिका होती की लग्नाची यादी. ऑलिव्हिया चाव साधारण ३७ टक्क्यांवर निवडून आल्या. आणि त्या कुठल्या पक्षाच्या खासदार होत्या ते सगळ्या शहराला पाठ होतं, मतपत्रिकेला तेवढं माहीत नव्हतं.

काडीपेटी

त्याच १०२ मध्ये एक गृहस्थ होते, निवडून आलो तर माझ्या कुत्रीला मानद महापौर करेन म्हणणारे. पक्षविरहित म्हणजे हे बघा.

निर्गुण

चर्चा माणूस की पक्ष अशी चाललीये, माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे. महापौराच्या हातात आहे काय? ते कळल्याशिवाय प्रचारातलं काहीच तोलता येत नाही.

न्यूयॉर्क २०२५ घ्या. महापौरपदाचे उमेदवार ममदानी यांच्या तीन मोठ्या घोषणा: भाडं गोठवणार, बस वेगवान आणि मोफत करणार, बालसंगोपन मोफत. भाड्याचं बरंचसं हातात आहे, कारण नियंत्रित घरांची भाडेवाढ ठरवणाऱ्या मंडळाचे नऊही सदस्य महापौर नेमतो. पण बस? ती चालवते एमटीए, ती राज्याच्या ताब्यात. मोफत करायची तर पैसे आणि परवानगी दोन्हींसाठी राज्याच्या दारात जायचं. श्रीमंतांवर प्राप्तिकर वाढवायचा तर तोही राज्याच्या विधिमंडळाचा अधिकार. मग तिथे पक्ष कामाला येतो, कारण गव्हर्नर त्याच पक्षाची असेल तर निदान फोन तरी उचलते. (काम करतेच असं नाही, हे आलंच.)

म्हणून सरळरेषा, तुमच्या बाईंच्या जाहीरनाम्यातली आश्वासनं दोन रंगांच्या पेनने अधोरेखित करा. स्वतःच्या सहीने होणारी एका रंगात, दुसऱ्याच्या सहीची वाट बघावी लागणारी दुसऱ्यात. दुसरा रंग जास्त असेल तर पक्ष महत्त्वाचा, पहिला जास्त असेल तर माणूस.

सरळरेषा

@निर्गुण, हे आवडलं. आजच बसतो.

@काडीपेटी, शर्टाची आयडिया बायकोलाही सुचली होती, तेव्हा श्रेय विभागून.

जुनाच_आयडी

मी चार निवडणुकांत प्रचाराचं काम केलंय, दोन पक्षासाठी, एक अपक्षासाठी आणि एक पैसे घेऊन (यादी साफ करायचं काम होतं, प्रचाराचं नव्हे, दगड मारू नका). त्यामुळे थोडं सविस्तर.

दारोदार फिरण्याचा उद्देश लोकांचं मन वळवणं असतो हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. दारात उभ्या अनोळखी माणसाने दीड मिनिटात कोणाचं मन वळत नाही. काम दोन प्रकारचं असतं. पहिल्या फेरीत फक्त विचारायचं आणि यादीत खूण करायची, आपला, त्यांचा, कुंपणावरचा, घरी नाही. दुसऱ्या फेरीत कुंपणावरच्यांकडे जायचं, शक्यतो स्वतः उमेदवाराला घेऊन. आणि मतदानाच्या दिवशी फक्त 'आपला' अशी खूण असलेल्यांच्या मागे लागायचं, झालं का मतदान, केंद्र कुठे माहितीये का, न्यायला गाडी पाठवू का. महापौराच्या निवडणुकीला मुळात मतदार कमी बाहेर पडतात, त्यामुळे इथे भाषणांपेक्षा ही खुणांची यादी जिंकते. बुडापेस्टला २०२४ मध्ये पहिल्या फेरमोजणीनंतर फरक उरला होता फक्त ४१ मतांचा. चाळीस-पन्नास माणसं म्हणजे एका इमारतीतली 'घरी नाही'वाली दारं.

आता ही यादी असते कोणाकडे? पक्षाकडे. गेल्या निवडणुकीतल्या खुणा, कोणत्या गल्लीत कोण ऐकतं, कोणत्या दारात कुत्रा आहे (काडीपेटी, तुझा विषय) हे सगळं पक्षाकडे साठलेलं असतं. अपक्षाचं काम केलं तेव्हा आमच्याकडे होती छापील मतदार यादी आणि बारा उत्साही माणसं. खुणा करता करताच मतदानाचा दिवस आला. उमेदवार चांगला होता, डिपॉझिट गेलं.

आणि अजून एक. टी-शर्ट तुमच्यासाठी नसतो, दार उघडणाऱ्यासाठी असतो. हा कोण, कशाला आलाय, दार बंद करू का, हे त्याला बोलण्याआधी कळतं. साध्या कपड्यातल्या माणसाला लोक जास्त घाबरतात.

मौनीबाबा

जुनाच_आयडी म्हणजे पक्षांचे पगारी वकील. यादीत खुणा करणं म्हणजे लोकांवर पाळत ठेवणंच झालं. माझ्या दारावर आले तर मी मुद्दाम उलटं सांगतो.

जुनाच_आयडी

@मौनीबाबा, पाळतीचा मुद्दा खरा आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. पण उलटं सांगून तुम्ही यंत्रणेला फसवत नाही, मतदानाच्या दिवशी चार वेळा फोन येतील एवढंच.

अर्धविराम

अपक्षाचं डिपॉझिट जातंच असं नाही हं. २००० साली लंडनला पहिल्यांदा थेट महापौर निवडायचा होता. केन लिव्हिंगस्टनना लेबर पक्षाने तिकीट दिलं नाही, फ्रँक डॉब्सनना दिलं. लिव्हिंगस्टन बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले, पक्षाने हाकललं, आणि ते निवडून आले. डॉब्सन तिसरे. चार वर्षांत पक्षानेच परत बोलावून तिकीट दिलं, २००४ ला पुन्हा महापौर. रुसलेल्या जावयासारखा मानपान.

पायवाट

पण लिव्हिंगस्टन काही हवेतून पडले नव्हते. ऐंशीच्या दशकात ते त्याच शहराच्या जुन्या कौन्सिलचे नेते होते, तेही लेबरचेच. पक्षाने घडवलेलं नाव घेऊन पक्षाविरुद्ध लढले. याला अपक्ष म्हणणं म्हणजे कमालच.

ढगांची_आई

मग खरा अपक्ष हवा असेल तर बोगोटाचे अँटानस मोकस. गणित आणि तत्त्वज्ञानातले प्राध्यापक, विद्यापीठाचे प्रमुख असताना गोंधळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर स्टेजवर पॅन्ट खाली केली आणि त्यावरून पद गेलं. हाच माणूस पुढे १९९५ ला आणि नंतर २००१ ला महापौर! चौकात वाहतुकीची शिस्त लावायला मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले, नियम मोडणाऱ्यांची नक्कल करायला. लोकांना म्हणाले ज्यांना जमेल त्यांनी दहा टक्के जादा कर आपणहून भरा, आणि ६३ हजार लोकांनी भरला. मी तर कर परत मिळेल का ते विचारणाऱ्यांपैकी.

काडीपेटी

सरळरेषाताई/दादा, तुमच्या उमेदवाराला हा प्रचाराचा मार्ग सुचवू नका. टी-शर्टाचा प्रश्न सुटेल पण पॅन्टचा उभा राहील.

तळटीप

जपानमध्ये बहुतेक महापौर कागदोपत्री अपक्षच असतात. मागून दोन-दोन, तीन-तीन पक्षांचा पाठिंबा, पुढून 'मी सगळ्यांचा'. आणि तिथे निवडणुकीत दारोदार जाऊन मत मागायला कायद्यानेच बंदी आहे. मग काय करतात, तर गाडीवर भोंगा लावून सकाळी आठ ते रात्री आठ स्वतःचं नाव ओरडत फिरतात. धोरणबिरण नाही, फक्त नाव आणि 'कृपा असू द्या'. धागाकर्त्याला हवी तशी सोज्वळ निवडणूक ही.

व्हँकुव्हरला तर १९३७ ला निघालेल्या एका स्थानिक पक्षाचं नावच 'पक्षविरहित संघटना'. उमेदवार उभे केले, प्रचार केला, कितीतरी वर्षं सत्तेतही बसले. पक्षविरहित पक्ष!

निर्गुण

थेट निवडणूक नसेल तर काय होतं तेही बघा. चंदीगडला महापौर नगरसेवक निवडतात, खासदार धरून एकूण ३६ मतं. ३० जानेवारी २०२४ ला आप-काँग्रेसकडे मिळून २० मतं असताना त्यातली नेमकी आठ बाद झाली आणि भाजपचा उमेदवार १६ मतांवर विजयी. पीठासीन अधिकारी मतपत्रिकांवर खुणा करताना कॅमेऱ्यात दिसले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २० फेब्रुवारीला कोर्टाने ती आठ मतं वैध धरून आपच्या कुलदीप कुमार यांना विजयी घोषित केलं. मतदार छत्तीस असले की प्रचार करायचा कोणाकडे? यादी पाठच असते सगळ्यांना.

मौनीबाबा

बघा, पक्ष आले की हेच. काढा सगळ्यांना.

पायवाट

उलट आहे. तिथे खुर्ची परत मिळाली कारण कोर्टात जाऊन लढायला मागे पक्ष होता. एकटा नगरसेवक वकील लावत बसला असता आणि तोवर टर्म संपली असती, तिथे महापौराची मुदतच एक वर्षाची.

मौनीबाबा

तुम्ही कुठल्या पक्षाचे ते कळलं.

पायवाट

मी तुमच्या मतपत्रिकेसारखा आहे, नाव आहे, पक्ष नाही.

व्यवस्थापक

वैयक्तिक नको. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

अर्धविराम

इस्तंबूलचं कोणी सांगितलं नाही अजून. मार्च २०१९ ला विरोधी पक्षाचे इमामोलू सुमारे १३ हजार मतांनी जिंकले, निवडणूक मंडळाने निकाल रद्द केला, जूनमध्ये परत मतदान. त्यांची घोषणा होती 'सगळं खूप छान होईल', आणि ती एका पोराने त्यांच्या बसमागे पळताना ओरडून सांगितली होती. प्रचाराचा सूर असा की दुसऱ्या पक्षाच्या मतदाराला शिव्या घालायच्या नाहीत. फेरनिवडणुकीत फरक गेला ८ लाखांवर. म्हणजे पक्षाची यंत्रणा वापरली, बोलणं मात्र पक्षाबाहेरच्या माणसाशी. सरळरेषा, तुमच्या बाईंना हे जमत असेल तर टी-शर्टाचा रंग लोक विसरतील.

(पुढे मार्च २०२५ ला त्यांना अटक झाली, ती वेगळी आणि मोठी गोष्ट. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान स्वतः १९९४ ला इस्तंबूलच्या महापौरपदावरून वर आले, तेव्हा त्या खुर्चीची किंमत त्यांच्याइतकी कोणाला माहीत.)

काडीपेटी

रेक्याविकला २०१० मध्ये एका विनोदवीराने 'सर्वोत्तम पक्ष' काढला. आश्वासनं: तरणतलावावर फुकट टॉवेल, प्राणिसंग्रहालयाला ध्रुवीय अस्वल, आणि सगळी आश्वासनं मोडू हे जाहीर आश्वासन. १५ पैकी ६ जागा, स्वतः महापौर. निर्गुण, टॉवेल कुठल्या रंगाच्या पेनने?

निर्गुण

पहिल्या. अस्वल दुसऱ्या.

सरळरेषा

मंडळी, उशिरा येतोय, पण जाऊन आलो.

आधी निर्गुणचं पेनचं काम केलं. एकोणीस आश्वासनांपैकी अकरा स्वतःच्या सहीची निघाली, म्हटलं ठीक, माणूस जिंकला. कार्यालयात जाऊन स्पष्ट सांगितलं की टी-शर्ट घालणार नाही. तिथल्या मुलीला काही वाटलंच नाही, म्हणाली मग फोनवर बसा, फोनवर कोणाला टी-शर्ट दिसतो. समोर एक कागद दिला, पहिलंच वाक्य 'नमस्कार, मी अमुक पक्षातर्फे बोलतोय'. मी ठरवलं, पक्ष गाळायचा, फक्त बाईंचं नाव घ्यायचं.

पहिल्याने विचारलं, कर्जाचं आहे का? दुसरीने 'नको, आहे आमचा विमा' म्हणून ठेवला. तिसरे आजोबा होते, बाईंचं नाव दोनदा ऐकून म्हणाले कोण, डॉक्टर का? चौथ्या फोनला माझ्याच तोंडून पहिलं वाक्य पक्षासकट बाहेर पडलं. पलीकडून लगेच, 'हां हां, बोला.' मग सहा मिनिटं बोलले ते, त्यातली पाच मिनिटं त्या पक्षाला शिव्या. मी म्हटलं, मलाही तो पक्ष आवडत नाही. ते एकदम गप्प. मग विचारतात, 'मग फोन का करताय?'

तेव्हा कुठे बाईंबद्दल बोलता आलं. कुंपणावरचा अशी खूण केली.

जुनाच_आयडी

'मलाही आवडत नाही' हे कागदावर नव्हतं ना? मुलीने ऐकलं का?

सरळरेषा

ऐकलं. पुढच्या शनिवारी मला यादीत खुणा भरायला बसवलंय, फोन काढून घेतला.

ढगांची_आई

आणि मत?

सरळरेषा

बाईंनाच. कौन्सिलला दुसऱ्या पक्षाला.

निर्गुण

म्हणजे तुमच्या महापौरांचं बजेट अडवायची सोयही तुम्हीच करून ठेवली.

काडीपेटी

त्या चौथ्या माणसाकडे कुत्रा आहे का ते यादीत भरलंत ना?